साळवेबाईंच्या दफ्तरात राहेलबाईंचे लग्न

मिस मार्था साळवे यांनी पहिल्याच भेटीत माझे पेन काढून घेतले. मी ते त्यांच्या हाती दिले नव्हते. त्यांनी ते माझ्या खिशातून उचलले, टोपण घट्ट बसले आहे की नाही हे पाहिले आणि दाराबाहेरच्या कोनाड्यात ठेवून दिले. उभे आयुष्य खानदेशातील एका न्यायालयाच्या कचेरीत काढलेल्या आणि निवृत्तीनंतर ज्याच्या पत्रांनी अनेक खात्यांची झोप उडवली त्या माणसाचे पेन असे विनापावती जप्त झाले.

“आत शाई चालत नाही,” त्या म्हणाल्या. “पेन्सिल देते.”

“बाई, ते पेन आहे, पिस्तूल नव्हे.”

“पिस्तूल परवडलं. त्याचा वहीवर डाग पडत नाही. हात धुतलेत का?”

हा नियम केवळ माझ्यासाठी नव्हता, हे मला पुढे कळले. त्यांच्या धर्मप्रांताचे वरिष्ठ असोत की चौकशीस आलेला फौजदार असो, प्रत्येकाची लेखणी त्या कोनाड्यात जाई आणि प्रत्येकाला बाहेरच्या नळावर हात धुवावे लागत. कायद्यापुढे सर्व समान आहेत, असे मी जन्मभर लिहीत आलो. ते तत्त्व काटेकोरपणे पाळलेले मी त्या कोनाड्यात पाहिले.

सुरतेच्या जुन्या भागात, तापीच्या काठापासून फार दूर नसलेल्या एका चर्चच्या मागे ती खोली होती. भिंतीवर छातीएवढ्या उंचीवर पुराच्या पाण्याने ओढलेली तपकिरी रेघ होती आणि बाईंनी ती कधीही रंगवू दिली नव्हती. रेघेच्या खाली एकही कागद ठेवलेला नसे. वरच्या फळ्यांवर लाल खारव्यात बांधलेले गठ्ठे होते. त्यांना बाई रुमाल म्हणत. आमच्या जुन्या दफ्तरखान्यातही हाच शब्द चाले, त्यामुळे तेवढ्यापुरते मला ओळखीचे माणूस भेटल्यासारखे वाटले. बाकी ओळखीचे काहीच नव्हते. बाई मूळच्या नगरकडच्या, सुरतेच्या एका मराठी शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या, अविवाहित आणि आता चर्चचे जुने दफ्तर सांभाळणाऱ्या. उंच, सडसडीत, पांढरी सुती साडी. आणि समोरच्याला बोलण्याआधीच नापास करणारा आवाज.

मी तेथे का गेलो, हे सांगणे क्रमप्राप्त आहे. निवृत्तीनंतर मी मुलाकडे सुरतेच्या लिंबायत भागात राहण्यास आलो. आमच्या गल्लीत राहेलबाई शिरसाठ राहत. दोंडाईच्याजवळच्या एका खेड्यातील ख्रिस्ती कुटुंबातली ही बाई. तिचा नवरा याकोब एका सरकारी खात्यात खलाशी, म्हणजे अंगमेहनतीचा मजूर, होता. खात्याचे नाव मी येथे देत नाही, कारण हा लेख त्या खात्यावर नाही. त्या खात्यावर मी अन्यत्र पुष्कळ लिहिले आहे. याकोब वारला. राहेलबाईने कुटुंबनिवृत्तिवेतनासाठी अर्ज केला आणि उत्तर आले, “विवाहाचा पुरावा सादर न झाल्याने अर्जदारास मयताची पत्नी मानता येत नाही.” ठरलेल्या मुदतीत पुरावा न आल्यास प्रकरण कायमचे बंद होणार होते.

मी ते पत्र तिला वाचून दाखवले तेव्हा ती जात्यासारखी जागच्या जागी बसली. मग आपल्या अहिराणीत म्हणाली, “आप्पा, पेन्शन नको देऊ देत. पन मी मना धनीनी बायको शे, ठेयेल बाई नही. हाई त्यास्ले कोन सांगी?”

हे त्यांना सांगायचे काम मी पत्करले. तिने सांगितले त्याप्रमाणे मी अर्जात लिहिले, की विवाह वैशाख महिन्यात वधूच्या गावी मांडवात झाला आणि तेथे फिलेमोन नावाचे पाळक, म्हणजे पाद्री, हजर होते. खानदेशातील त्या चर्चला मी पत्र पाठवले. तेथून एका ओळीचे उत्तर आले, “रेकॉर्ड नाही.” मी पाठोपाठ आणखी पत्रे लिहिली आणि त्यांना तेवढेही उत्तर आले नाही. तेव्हा कोणीतरी सांगितले, की ते पाळक म्हातारपणी सुरतेस येऊन राहिले होते. म्हणून मी ख्रिस्ती विवाह कायद्याच्या कलम एकोणऐंशीचा आधार देऊन, शोध घेण्याचा आणि नक्कल मिळवण्याचा हक्क सांगणारे चार पानी पत्र घेऊन साळवेबाईंपुढे उभा राहिलो होतो.

त्यांनी चारही पाने उभ्यानेच वाचली.

“वकील आहात?”

“नाही.”

“मग आवाज वकिलाचा का? शोध घ्यायला एक ओळ पुरते. ‘अमक्याची नोंद पाहायची आहे.’ कलम तुम्ही सांगितलं नसतं तरी मी दार उघडलं असतं. या, वकीलसाहेब.”

शेवटपर्यंत त्यांनी मला याच नावाने हाक मारली.

आत आल्यावर मी खानदेशातून आलेली ती एक ओळ त्यांच्यापुढे ठेवली. ती वाचून त्यांचा चेहरा असा झाला, की जणू एखाद्या मुलाने परीक्षेत कोरी उत्तरपत्रिका दिली आहे. “‘नाही’ म्हणायचा अधिकार देवाला,” त्या म्हणाल्या. “माणसानं ‘पाहिलं तिथं आढळलं नाही’ एवढंच म्हणावं. आणि कुठं पाहिलं तेही सांगावं. यानं कपाटसुद्धा उघडलं नसेल.” त्या माझ्यापेक्षाही अधिक संतापल्या होत्या. असा माणूस मला क्वचितच भेटला आहे.

तरीही आमचे पहिल्याच आठवड्यात बिनसले. मी त्यांच्याकडे याकोबच्या लग्नाच्या वर्षाची वही मागितली. त्या म्हणाल्या, वर्षाची वही नसते. फळ्यांवरच्या रुमालांना वर्षे नव्हती, गावे नव्हती; चिठ्ठ्यांवर माणसांची नावे होती. पाळक अमुक, पाळक तमुक, बायबल शिकवणाऱ्या अमुकबाई. हे दफ्तर आहे की स्मशान, असे मी विचारले. मी घरी जाऊन चर्चच्या मंडळीच्या कमिटीला तक्रार लिहिली, “सदर दफ्तरात वर्षवार मांडणीचा संपूर्ण अभाव असून शोधकर्त्यास अकारण त्रास होतो, तरी सर्व नोंदवह्या कालानुक्रमे लावण्याचा आदेश व्हावा.”

पुढच्या खेपेस गेलो तेव्हा बाई एका नव्या खारव्याला गाठ मारत होत्या. चिठ्ठीवर माझे नाव होते.

“तुमची तक्रार कमिटीनं माझ्याकडे फाइल करायला पाठवली,” त्या शांतपणे म्हणाल्या. “तुमचा रुमाल उघडलाय. अजून येतील ना? म्हणून जरा मोठं फडकं घेतलं.”

मी हसलो नाही, खुर्ची ओढून बसलो. मग त्यांनी पेन्सिल टेबलावर ठेवली आणि मला समजेल अशा रीतीने, म्हणजे पुराव्यासारखे, सांगितले.

“वह्या वर्षाप्रमाणे लावल्या की पाळक मेला. हे लोक एका गावी बसत होते का? सुरतेहून खानदेशात जाणाऱ्या तापीच्या रेल्वेलाइनवर फिरायचे. एक सायकल, एक ट्रंक, ट्रंकेत वही. बदली झाली की ट्रंक हलायची, ट्रंकेबरोबर वही. लग्न लागलं दोंडाईच्याला, वही निजली सुरतेला. तुम्ही गाव धरून शोधता, वर्ष धरून शोधता. मी माणूस धरून शोधते. लिहिलं कुणी? लिहून झाल्यावर तो गेला कुठं? ज्याच्या हातून कागद आला, त्याच्याच रुमालात तो राहिला पाहिजे. आणि त्यानं ज्या क्रमानं ठेवला, त्याच क्रमानं.”

“यास कायदेशीर आधार काय?”

“तुम्ही मुद्देमाल जप्त करता तेव्हा पंचनामा कशाला करता? कुठं सापडलं, कुणाच्या हातात सापडलं, ते लिहायलाच ना? वस्तू तिथून हलली की ती नुसती वस्तू. पुरावा नाही.”

कमिटीकडील तक्रार मी दुसऱ्या पत्राने मागे घेतली. तेही पत्र त्यांनी रुमालात घातले.

पाळक फिलेमोनांचा रुमाल वरच्या फळीवर होता. त्यात विवाहाची वही, बाप्तिस्म्याची वही, प्रभुभोजन घेणाऱ्यांची यादी, उपदेशांची टिपणे, सायकलच्या ट्यूबची पावती आणि एका पानात दाबून ठेवलेली कडुनिंबाची काडी होती. मी ती काडी बाजूला काढली. “जिथून उचलली तिथंच,” बाई मान वर न करता म्हणाल्या. मी ती परत ठेवली.

विवाहाच्या वहीत आम्ही वैशाख पाहिला. तेथे राहेल नव्हती. चैत्र पाहिला, ज्येष्ठ पाहिला, अलीकडच्या आणि पलीकडच्या वर्षाचे तेच महिनेही पाहिले. मग मी यादी उलटू लागलो, आणि तेथे पाळकांच्या बारीक, डावीकडे झुकलेल्या अक्षरांत लिहिलेले दिसले: “याकोब शिरसाठ; पत्नी राहेल.”

“हे पाहा!” मी ओरडलो. “पत्नी! पाळकांच्या हस्ताक्षरात! यापेक्षा काय हवे?”

बाईंनी माझ्या हातातून यादी घेतली. त्यांना वाईट वाटत होते, हे दिसत होते, आणि तरीही त्या सौम्यपणे बोलल्या नाहीत. “ही यादी आहे, वकीलसाहेब. यादी म्हणजे कोण आहे ते. वही म्हणजे काय घडलं ते. यादीत ‘पत्नी’ का लिहिलं? कारण दोघं एकत्र आली आणि पाळकांनी विचारलं, ही कोण? त्यानं सांगितलं, बायको. खात्याचा कारकून हे दोन मिनिटांत फेकेल, आणि फेकायलाच पाहिजे. तुम्ही असता तर फेकलं नसतं?”

मी फेकले असते, आणि हेच त्यातील सर्वांत संतापजनक होते. मुदत जवळ येत होती. बाहेरच्या पायरीवर राहेलबाई पदराने वारा घेत बसली होती; ती रोज माझ्याबरोबर येई आणि आत यायला लाजे. मी प्रतिज्ञापत्रांचा विचार करू लागलो. गावातील म्हातारी माणसे गाठावीत, त्यांच्या सह्या घ्याव्यात. बाई उठल्या आणि दारातून म्हणाल्या, “राहेलबाई, हात धुऊन आत या.”

मी म्हणालो, की तिची सविस्तर जबानी मी घेतलेली आहे. विवाहाची तारीख, ठिकाण, उपस्थित व्यक्ती, सर्व काही.

“तुम्ही तारीख विचारलीत. मी हवा विचारते.”

राहेलबाई खुर्चीच्या अगदी कडेवर बसली.

“लग्नाचं राहू द्या जरा,” बाई म्हणाल्या. “फिलेमोन पाळकांनी तुमचा हात याकोबच्या हातात दिला, तेव्हा थंडी होती की ऊन?”

“थंडी,” राहेलबाई लगेच म्हणाली. “लई थंडी! शेकोटी व्हती तठे. मना अंगवर आईनी घोंगडी व्हती. पाद्रीबा म्हनना, घोंगडी काढ पोरी, लगीन लावनं शे का बकऱ्या चारनं शे?”

मी खुर्चीवरून उठलो. “वैशाखात शेकोटी? राहेलबाई, तुम्ही मला वैशाख सांगितलात! मी तो अर्जात लिहिला आहे!”

“तुम्ही लगीन इचारं, आप्पा,” ती घाबरून म्हणाली. “लगीन वैशाखमाच व्हयनं. हळद लागनी, मांडव पडना, गावजेवन व्हयनं. हाई तं मेळावानं सांगी ऱ्हायनू. मेळावाले पाद्रीबानी हात धरी दिन्हा, प्रार्थना करी, अंगठा लिन्हा. तठून मी परत मना बापनाच घर.”

“आणि ते लग्न नव्हतं?” बाईंनी विचारले.

राहेलबाई त्यांच्याकडे अशी पाहू लागली, जणू म्हणत होती, शिकलेल्या माणसाने इतके भाबडे असू नये. “हळद न लागता लगीन कसं व्हई, बाई?”

मग साळवेबाई हसू लागल्या. इतक्या दिवसांत त्यांना हसताना मी पहिल्यांदाच पाहिले. सारा उलगडा त्या एका वाक्यात होता. हिवाळ्यात पाळक आपल्या साऱ्या खेड्यांतील मंडळीचा मेळावा भरवत आणि तेथे ठरलेल्या जोड्यांचे विवाह धर्माप्रमाणे व कायद्याप्रमाणे एकदम लावून देत. पुन्हा प्रत्येक खेड्यात सायकल हाणायला नको. पण मुलीकडच्यांच्या लेखी ती पाद्रीबांची प्रार्थना. पोर माहेरी परत जाई. उन्हाळ्यात सुगी आटोपली, भाऊबंद मोकळे झाले, की हळद लागे, मांडव पडे, गाव जेवे. आणि मग तिला विचारले तर ती आयुष्यभर त्याच दिवसाला लग्न म्हणे. कायदा पौषात लागला होता आणि संसार वैशाखात. मी कायद्याचा माणूस, आणि मीच वैशाखात शोधत बसलो होतो.

बाईंनी वही मागे उलटली. जानेवारीचे एक पान होते, ज्यावर एकाच दिवशी लागलेल्या अनेक जोड्यांची नावे एकाखाली एक लिहिलेली होती. त्यांनी पेन्सिलीचे मागचे टोक, कागदाला न लावता, ओळीओळींवरून नेले. मग ते थांबले.

“आलात का?” त्या म्हणाल्या. त्या हे कोणाला म्हणाल्या ते मला कळले नाही, बहुधा पानालाच. “याकोब शिरसाठ. राहेल. हा तुमचा अंगठा, बाई. बघा, केवढासा होता.”

राहेलबाईने हात पुढे केला आणि कागदाला न लावता तसाच धरून ठेवला. मी, सांगायला हरकत नाही, टाळी वाजवली. त्या दफ्तरात टाळी वाजवणारा मी पहिलाच असेन. बाई रागावल्या नाहीत.

मी म्हणालो, की आपण त्या एका ओळीचा उतारा घेऊ. त्यांनी मान हलवली. “उताऱ्यात आपण आपल्याला हवं तेवढंच उचलतो. नक्कल घ्या, अख्ख्या पानाची. तेव्हाच दिसेल, की ही एकटी नव्हती. थंडीत रांगेत उभी होती.”

प्रमाणित नक्कल आम्ही दाखल केली. खात्याचे उत्तर पाहून माझा रक्तदाब वाढला. अर्जातील विवाहाचा महिना व नकलेतील महिना भिन्न असल्याने पुरावा संशयास्पद वाटतो! यानंतर मी जी पत्रे लिहिली, ती माझ्या आयुष्यातील उत्तम पत्रे होत. प्रमाणित नक्कल हा कायद्याने पुरावाच असतो; अर्जदाराचे म्हणणे न ऐकता निर्णय देणे नैसर्गिक न्यायाच्या विरुद्ध आहे; नकार द्यायचा तर तो कारणांसह, अधिकाऱ्याच्या नावानिशी आणि सहीनिशी द्यावा. ही पत्रे मी खालपासून वरपर्यंत प्रत्येक टेबलावर पाठवली. अखेर प्रत्यक्ष सुनावणी मिळाली, मात्र एका अटीवर: मूळ वही हजर करावी.

मला वाटले, येथेच सारे संपले. त्या खोलीतून कागद बाहेर जात नसे.

“वही बाहेर जात नाही,” साळवेबाई म्हणाल्या. “मी जाते. वही माझ्याबरोबर येते.”

प्लेगच्या धास्तीनंतर सुरत झाडून लख्ख झाली होती, पण रस्ते जागोजागी खणलेले होते. रिक्षात बाई मध्ये बसल्या, मांडीवर लाल खारव्यात गुंडाळलेली वही दोन्ही हातांनी धरून. रिक्षावाला लिंबायतचाच होता. आरशातून पाहत त्याने विचारले, “मावशी, लेकरू शे का?”

“हो. झोपलंय. खड्डे चुकव,” बाई म्हणाल्या, आणि त्या बापड्याने कचेरीपर्यंत खरोखरच बाळंतिणीची रिक्षा चालवली.

अधिकारी पन्नाशीचे, गुजराती, थकलेले आणि मुळीच दुष्ट नसलेले असे गृहस्थ होते. दुष्ट असते तर मला सोपे गेले असते. त्यांनी आमचा अर्ज एका हातात आणि नक्कल दुसऱ्या हातात धरली. “बेन, आमां वैशाख लख्यो छे, ने आमां जान्युआरी. बे वार परण्यां?”

राहेलबाईला गुजराती चांगले समजे. दोनदा लग्न केलेस का, हा प्रश्न तिच्या तोंडावर चपराकीसारखा बसला. मी उभा राहिलो आणि विवाहाच्या कायद्यापासून सुरुवात केली. अधिकारी घड्याळाकडे पाहू लागले. साळवेबाईंनी माझी बाही ओढून मला खाली बसवले.

“साहेब,” त्या सफाईदार गुजरातीत म्हणाल्या, “तुमच्या घरातलं कुणी अमेरिकेत आहे?”

सुरतेत हा प्रश्न वाया जाण्याचा संभव कमीच. “मारी दीकरी,” अधिकारी गोंधळून म्हणाले. “न्यू जर्सी.”

“जावई तिकडचे. मग व्हिसाच्या कागदांसाठी कोर्टात सही आधी केली असेल?”

“हा, ते तो करवी ज पडे. फेरा तो पछी, सात-आठ महिने.”

“त्या सात-आठ महिन्यांत मुलगी कुठं होती?”

“घरे. मारे त्यां.”

“म्हणजे कोर्टाच्या कागदात परणेली आणि तुमच्या घरात कुंवारी. तिला आज विचारा, बेटा, तुझं लग्न कधी झालं? ती कोर्टाची तारीख सांगेल की फेऱ्यांची?”

अधिकारी हातातली नक्कल पुन्हा पाहू लागले. शेजारच्या टेबलावरचा कारकून मात्र फसकन हसला आणि म्हणाला, “साहेब, मारी वहु पण फेरानी ज तारीख केहे छे.” आणखी दोन टेबलांवरून हसू आले.

“तुमची मुलगी दोनदा परणली नाही,” बाई म्हणाल्या. “हीसुद्धा नाही. कागद आधी, हळद मागून. फरक एवढाच, की हिच्याकडे व्हिसा नव्हता, पाद्रीबांची सायकल होती.”

अधिकाऱ्यांनी चष्मा काढून पुसला. मग वही मागितली. बाईंनी ती टेबलावर उघडली, पण हातातून सोडली नाही. ते पान त्यांनी बराच वेळ पाहिले. “अंगूठो आ बेननो ज छे, एनी खातरी?”

“मनाच शे, साहेब!” राहेलबाई ताडकन उभी राहिली. “हाऊ काय, आठेच शे मना अंगठा! लावू का आखो एक?” उत्साही कारकुनाने शाईचे पॅड उघडून वहीशेजारी आणले मात्र, साळवेबाई कोंबडी पिलांवर पसरते तशा वहीवर पसरल्या. “कोऱ्या कागदावर! वहीपासून लांब! शाई लांब!” सारी कचेरी उठून उभी राहिली. अशी सुनावणी मी माझ्या उभ्या नोकरीत पाहिली नव्हती.

आदेश आला तो माझ्याच पत्त्यावर. राहेलबाईने मला तो गल्लीत उभे राहून मोठ्याने वाचायला लावला; शेजारणी दारांत आल्या. “राहेल, मयत याकोब शिरसाठ यांची कायदेशीर पत्नी.” तिने ते वाक्य पुन्हा वाचायला सांगितले. पुढचे सर्व, म्हणजे ज्यात रक्कम वगैरे होती, ते ऐकायला ती थांबलीच नाही. साखर आणायला गेली.

साळवेबाईंकडे आम्ही पेढे घेऊन गेलो तेव्हा त्यांनी आधी हात धुवायला लावले. मग आदेशाची एक प्रत मागून घेतली आणि फिलेमोन पाळकांच्या रुमालात शेवटी ठेवली. “त्यांच्या हातून सुरू झालं होतं,” त्या म्हणाल्या. “त्यांना कळायला नको?” माझ्याकडे वळून पुढे म्हणाल्या, “तुमची पत्रं नसती, वकीलसाहेब, तर त्या लोकांनी दारच उघडलं नसतं. हे मी एकदाच म्हणणार आहे.” आणि खरोखरच त्यांनी ते पुन्हा कधी म्हटले नाही. निवृत्तिवेतनाच्या कागदांवर दर वेळी अंगठा नको, म्हणून त्यांनी राहेलबाईला सही शिकवायला घेतली. शिकवण्याची पद्धत तीच, पेन्सिल आणि धाक.

ही वार्ता लिंबायतपासून चलथाणपर्यंत पसरली. कोणाला बापाच्या बाप्तिस्म्याचा दाखला हवा असे, कोणाला आईच्या दफनाचा. बायका पायरीवर बसून राहत, बाई त्यांना आत बोलावून हवा विचारत, आणि मी समोर बसून पेन्सिलीने टिपणे घेई. एकदा एका बाईला मी चुकून तारीख विचारली, तर साळवेबाईंच्या आधी राहेलबाईच दारातून म्हणाली, “आप्पा, तुम्ही जरा गप ऱ्हा.” ज्यांचे काम झाले ते हसत गेले, ज्यांचे झाले नाही, त्यांना “पाहिलं तिथं आढळलं नाही” असे लिहून, कोठे कोठे पाहिले ते सारे नोंदवून, सही करून दिले जाई. एकाही माणसाला त्या खोलीतून “नाही” असे एका शब्दाचे उत्तर मिळाले नाही. देशातील किती कचेऱ्यांविषयी असे म्हणता येईल, हे संबंधितांनी स्वतःस विचारावे.

शतक संपण्यापूर्वीच साळवेबाई गेल्या. आजार थोड्याच दिवसांचा होता आणि तेवढे दिवस राहेलबाई त्यांच्या उशाशी होती. नगरकडचे दूरचे कोणी भाचे वेळेवर पोहोचू शकले नाहीत. दफनाला शाळेच्या इतक्या माजी विद्यार्थिनी आल्या, की चर्चचे अंगण पुरले नाही. रडणे कमी आणि आठवणी काढून हसणे जास्त, असे ते दफन झाले.

नंतर तरुण पाळकांनी दफनाची वही उघडली. खबर देणाऱ्याचे नाव त्यांनी लिहिले: राहेल. त्यापुढचा रकाना मयताशी असलेल्या नात्याचा होता. कमिटीचे चिटणीस म्हणाले, “मंडळीची सभासद, असं लिहा.”

“बहीण,” राहेलबाई म्हणाली. “लिखा. मी तिनी बहीण शे.”

पाळकांनी लेखणी थांबवून माझ्याकडे पाहिले. मंडळीत माझी कीर्ती सर्वांना ठाऊक होती. मी म्हणालो, “पाळकसाहेब, त्या रकान्यात खबर देणारी सांगते तेच लिहायचे असते. लिहा.”

त्यांनी लिहिले. राहेलबाईने लेखणी मुठीत घेतली आणि, सावकाश, रेघेच्या वर एकही अक्षर न जाऊ देता, पूर्ण सही केली: राहेल याकोब शिरसाठ. ती नोंद त्या वहीत आजही आहे. तिच्याविषयी कोणाचा आक्षेप असल्यास त्याने तो लेखी कळवावा. उत्तर मी देईन.